एका चौकातील ऑपेरा : ग्लुक ते मोत्सार्ट

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांतील कार्यक्रमांची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र आलेली असेलच. परंतु गणेशोत्सवात पेटी-तबल्याच्या साथीवर एखादे जुने नाट्यपद सुरू झाले, की मागच्या रांगांतील कुजबुज आपोआप थांबते, हा अनुभव कोणत्याही नोंदवहीत सापडायचा नाही. ज्या मुलांचे सारे बालपण महाराष्ट्राबाहेर गेले, त्यांना पदातील शब्द पुरते उमगत नाहीत. तरीही सूर ओळखीचा वाटतो आणि ती क्षणभर थबकतात. अशा वेळी मनात येते, की गाण्यात भाषेचे काम तरी नेमके काय? सूर पोहोचला म्हणजे पुरे, की शब्दही आपलाच हवा?

हा प्रश्न केवळ आपला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे या प्रश्नावर तीस वर्षे मोठी उलथापालथ चालली होती, आणि तीतून पाश्चात्त्य संगीतातील काही सर्वश्रेष्ठ कृती जन्माला आल्या. साधारण १७५० ते १८२० हा काळ पाश्चात्त्य संगीताचे अभिजात युग म्हणून ओळखला जातो. या युगातील सिंफनी आणि सोनाटा यांची चर्चा पुष्कळ होते. मात्र त्या काळच्या श्रोत्याला विचारले असते, तर संगीताचे शिखर म्हणून त्याने बहुधा ऑपेराकडेच बोट दाखवले असते. या लेखात त्या ऑपेराची कथा सांगावयाची आहे. आणि ती सांगताना फार हिंडण्याचे कारण नाही, कारण तिचा मोठा भाग एका चौकाच्या आसपासच घडला.

व्हिएन्नाच्या राजवाड्याला लागून मिखाएलरप्लात्झ नावाचा चौक आहे. मारिया थेरेसा या सम्राज्ञीच्या अनुज्ञेने १७४१ साली या चौकाच्या कडेला, चेंडू खेळण्याच्या जुन्या दरबारी इमारतीत, एक नाट्यगृह सुरू झाले. तेच बुर्गथिएटर. (आज त्या नावाचे जे भव्य नाट्यगृह आहे ते १८८८ साली दुसऱ्या जागी उभे राहिले.) त्याच चौकात एक मोठे बिऱ्हाडांचे घर होते. तिसऱ्या मजल्यावर दरबारचे राजकवी मेतास्तासिओ राहत. आणि १७५० च्या सुमारास अगदी वर, पोटमाळ्यावर, एक तरुण, निर्धन संगीतकार दिवस काढीत असे. त्याचे नाव योझेफ हायडन.

मेतास्तासिओ हे इटालियन. १७३० साली ते व्हिएन्नाला आले आणि १७८२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, त्या जर्मनभाषक नगरीत राहून इटालियन भाषेत ऑपेराच्या संहिता लिहीत राहिले. त्यात कोणालाही विसंगती वाटत नव्हती. ऑपेराचा जन्म १६०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्स येथे झालेला. तिकीट काढून कोणालाही प्रवेश मिळेल असे पहिले ऑपेरागृह १६३७ साली व्हेनिसला उघडलेले. तेव्हा ऑपेरा म्हणजे इटालियन, असा युरोपातील बहुतेक दरबारांचा समजच होता. गायिका कातेरिना काव्हालिएरी ही जन्माने व्हिएन्नाचीच, मूळची काव्हालिएर. पण रंगभूमीवर येताना तिने आपल्या नावाला इटालियन वळण दिले. नाव इटालियन असले की गळाही इटालियन वाटतो, हे तिला पक्के ठाऊक असावे.

या घरात हायडनला मिळालेले शिक्षणही याच वळणाचे होते. मेतास्तासिओ यांच्या देखरेखीखाली मारियाना मार्टिनेस ही मुलगी त्याच घरात शिकत होती. तिला वाद्य शिकविण्याचे काम हायडनकडे आले. पुढे ती स्वतःच नामवंत संगीतरचनाकार झाली. तिच्या निमित्ताने हायडनची गाठ निकोला पोर्पोरा या विख्यात गायनगुरूशी पडली. पोर्पोरांच्या शिकवण्यांना साथ करावयाची, त्यांचे जोडे पुसावयाचे आणि त्या बदल्यात रचनेचे धडे घ्यावयाचे, असा तो व्यवहार होता. आपल्याकडील गुरुगृहीच्या जुन्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मेतास्तासिओ यांच्या संहितेवर उभ्या राहणाऱ्या ऑपेराला 'ऑपेरा सेरिआ', म्हणजे गंभीर ऑपेरा, म्हणत. त्याची बांधणी ठरलेली असे. कथानक पुढे सरकते ते 'रेसिटेटिव्ह'मधून. हे बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवरचे पठण होय. हार्पसिकॉर्डचे तुरळक स्वर त्याला आधार देतात. मग भावनेचा क्षण आला की कथा थांबते आणि 'ॲरिया', म्हणजे पद, सुरू होते. पदाचा पहिला भाग, नंतर निराळा दुसरा भाग, आणि पुन्हा पहिला. ही पुनरावृत्ती म्हणजे गायकाची खरी कसोटी. कारण दुसऱ्या वेळी तेच स्वर त्याने स्वतःच्या अलंकारांनी नटवून गावेत अशी अपेक्षा असे. अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना आपले गवय्ये जी जागा घेतात, तिची ज्यांना आवड आहे त्यांना या प्रथेचे मर्म सहज कळेल.

पण याच प्रथेने पुढे नाटकाचा घास घेतला. नायकाच्या भूमिका बहुधा 'कास्त्राती' करीत. वयात येण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा कोवळा आवाज कायम राखला जाई, असे हे पुरुष गायक. या क्रूर प्रथेतून निर्माण झालेले आवाज ऐकून मात्र राजेरजवाडे मोहित होत. पोर्पोरांचा शिष्य फारिनेल्ली स्पेनच्या दरबारी उदास राजा पाचवा फिलिप याची करमणूक करण्यासाठी राहिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. असा गायक रंगमंचावर उभा राहिला, की प्रेक्षक कथा विसरून ताना मोजू लागत. मराठी रंगभूमीवरही एक काळ असा येऊन गेला, की पदांच्या मैफलीत नाटक पहाटेपर्यंत लांबे आणि कथानक विंगेत ताटकळत उभे राही. तेव्हा या दुखण्याचे निदान आपल्याला परकीय नाही.

त्यावर पहिला जालीम उपाय केला ख्रिस्टोफ व्हिलिबाल्ड ग्लुक (१७१४–१७८७) याने. ५ ऑक्टोबर १७६२ रोजी बुर्गथिएटरमध्ये त्याचा 'ओर्फेओ एद एउरिदिचे' सादर झाला. संहिता राजकवीची नव्हती; ती होती कालत्साबिजी या दुसऱ्या इटालियन कवीची. पडदा उघडतो तो पत्नीच्या समाधीजवळ. समूह शोकगीत गात आहे, आणि गायकांचा मुकुटमणी असा नायक ओर्फेओ काय करतो? तो केवळ पत्नीच्या नावाने हाक मारतो. एकदा, दोनदा, तीनदा. तान नाही, हरकत नाही. भूमिका करणारा ग्वादान्यी हाही कास्त्रातोच होता. ज्या कंठाकडून प्रेक्षकांनी आतषबाजीची अपेक्षा करावी, त्या कंठातून दुःखाची एक साधी हाक निघावी, यात ग्लुकचे सारे बंड सामावलेले आहे.

पुढे 'आल्चेस्ते' (१७६७) या ऑपेराच्या १७६९ मध्ये छापलेल्या प्रतीला जोडलेल्या प्रस्तावनेत त्याच्या नावाने हे बंड शब्दांत मांडले गेले. तिचा आशय असा, की संगीताने काव्याची सेवा करावी, गायकाच्या हौसेखातर संवाद मध्येच अडवू नये, आरंभीच्या वाद्यसंगीताने प्रेक्षकाला पुढील प्रसंगासाठी तयार करावे, आणि साधेपणातच सौंदर्य शोधावे. १७७३ मध्ये ग्लुक पॅरिसला गेला. व्हिएन्नात असताना त्याच्याकडे संगीत शिकलेली राजकन्या मारी आंत्वानेत आता फ्रान्सची राणी होण्याच्या उंबरठ्यावर होती. तिथे 'ओर्फेओ' फ्रेंच भाषेत नव्याने अवतरला, आणि कास्त्रातोच्या जागी पुरुषी आवाजाच्या टेनर गायकाची योजना झाली. भाषा बदलली, आवाज बदलला, तरी ती हाक उरली.

ग्लुकने शब्दाला मान मिळवून दिला खरा. पण शब्द कोणाच्या भाषेचा, हा प्रश्न व्हिएन्नात तसाच राहिला. तो सोडविण्याचे मनावर घेतले सम्राट दुसरा योझेफ याने. १७७६ साली त्याने बुर्गथिएटरला जर्मन राष्ट्रीय रंगभूमीचा दर्जा दिला, आणि १७ फेब्रुवारी १७७८ रोजी उमलाउफ याच्या 'डी बेर्गक्नापेन' (खाणकामगार) या कृतीने तेथे 'झिंगश्पील'ला आरंभ झाला. झिंगश्पील म्हणजे जर्मन भाषेतील गद्य संवाद आणि मधूनमधून पदे असलेले नाटक. आपल्या संगीत नाटकाशी या प्रकाराचे रचनेपुरते मोठे साम्य आहे.

या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे व्होल्फगांग आमाडेउस मोत्सार्ट, आपल्याकडे मोझार्ट या उच्चाराने परिचित असलेला (१७५६–१७९१), याचे 'डी एन्टफ्युरुंग आउस डेम सेराइल'. ते १६ जुलै १७८२ रोजी बुर्गथिएटरमध्येच झाले. ते रचीत असताना मोत्सार्टने वडिलांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचे विचार कळतात. ऑपेरात काव्य हे संगीताची आज्ञाधारक कन्या असले पाहिजे, असे त्याचे मत. ग्लुकच्या अगदी उलट! पण व्यवहारात तो पात्राच्या मनाला सर्वाधिक जपतो. ओस्मिन नावाचा पहारेकरी संतापाने भान हरपतो, तेव्हा संगीतही मूळ स्वरस्थान सोडून भलतीकडे जाते. मात्र कानाला बोचेल इतके नव्हे, हेही तो आवर्जून लिहितो. नायिकेचे एक पद काव्हालिएरीच्या चपळ गळ्यासाठी थोडे मुरडावे लागले, अशीही कबुली त्याने दिली आहे. इथे काव्हालिएरी आपल्या मूळच्या भाषेत गात होती.

तरीही सम्राटाची ही योजना फार दिवस चालली नाही. नव्या जर्मन कृती पुरेशा मिळेनात. पुष्कळशी नाटके फ्रेंच व इटालियन भाषांतून आणलेली असत. १७८३ च्या वसंतात बुर्गथिएटरमध्ये इटालियन मंडळी परत आली. त्याच वर्षी मोत्सार्टने वडिलांना लिहिले, की प्रत्येक राष्ट्राला आपला ऑपेरा असतो, मग जर्मनांना का नसावा? आणि दोन वर्षांनी एका पत्रात त्याने उपरोधाने म्हटले, की जर्मनांनी जर्मनमध्ये विचार करावा, बोलावे आणि वर गावेही, हा तर देशाला कायमचाच कलंक ठरेल! त्या उपरोधामागील वेदना परमुलखात मातृभाषेचा कार्यक्रम उभा करणाऱ्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

मात्र पोट आणि प्रतिभा या दोहोंची निकड मोत्सार्टला इटालियनकडे घेऊन गेली, आणि तिथे त्याला लोरेन्झो दा पोन्ते (१७४९–१८३८) भेटला. व्हेनिसजवळच्या चेनेदा गावी यहुदी कुटुंबात जन्मलेला, बालपणी ख्रिस्ती झालेला, पुढे धर्मोपदेशक झालेला आणि स्वैर वर्तनामुळे व्हेनिसमधून हद्दपार झालेला असा हा कवी. या दोघांनी मिळून 'ले नोत्से दि फिगारो' (१ मे १७८६), 'दोन जोव्हान्नी' (प्राग, २९ ऑक्टोबर १७८७) आणि 'कोसी फान तुत्ते' (२६ जानेवारी १७९०) हे तीन ऑपेरा निर्माण केले.

'फिगारो'ची एक गंमत भाषेच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. मूळ नाटक बोमार्शे या फ्रेंच लेखकाचे. त्यात नोकर धन्याला शहाणपण शिकवतो. १७८५ साली शिकानेडर नावाच्या नटाची मंडळी ते व्हिएन्नात जर्मनमधून करणार होती, तोच सम्राटाने प्रयोगाला मनाई केली. एका वर्षाने तेच कथानक इटालियन ऑपेराच्या रूपाने, राजकीय टोचणी कमी करून, राजवाड्याला लागून असलेल्या नाट्यगृहात झाले! जी गोष्ट लोकांच्या भाषेत बोलली असता धोक्याची, ती पाहुण्यांच्या भाषेत गायली असता चालण्याजोगी ठरली.

या ऑपेराची थोरवी त्याच्या समूहगायनात आहे. आपले संगीत एका वेळी एका स्वरवाक्याचा पाठपुरावा करते. पाश्चात्त्य संगीतात अनेक सूर एकाच वेळी निरनिराळ्या वाटांनी चालू शकतात, आणि मोत्सार्टने ती शक्ती नाटकाच्या कामी लावली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सरदार आणि त्याची पत्नी यांचे भांडण सुरू होते. मग दासी सुझाना येते, मग फिगारो, मग माळी. शेवटी आणखी तिघे तक्रार घेऊन येतात आणि सात जण एकत्र गातात. सुमारे वीस मिनिटे संगीत खंडत नाही. प्रत्येकाचा शब्द वेगळा, हेतू वेगळा, सूर वेगळा. तरी कानाला गोंधळ वाटत नाही. घरात सात माणसे एकदम बोलू लागली तर आपल्याला एकाचेही कळत नाही. इथे साती मने एकदम कळतात. गायकाची पदे कथा थांबवीत होती. मोत्सार्टने गाण्यालाच कथा चालवायला शिकविले. शब्द मोठा की स्वर, या वादाचे त्याने दिलेले उत्तर हेच.

प्रेक्षकांनी 'वन्समोअर'चा असा सपाटा लावला, की पहिल्या काही प्रयोगांनंतरच सम्राटाला हुकूम काढावा लागला : एकाहून अधिक गायकांची पदे पुन्हा गाऊन घेऊ नयेत. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांच्या व्यवस्थापकांनी हा हुकूम चौकटीत लावून ठेवला असता!

आता येते १७९१ हे वर्ष. ६ सप्टेंबर रोजी प्रागमध्ये, सम्राट लिओपोल्ड यांच्या बोहेमियातील राज्याभिषेकानिमित्त, मोत्सार्टचा 'ला क्लेमेंत्सा दि तितो' झाला. मेतास्तासिओंची जुनी इटालियन संहिता संस्कारून घेतलेली, आणि एका प्रमुख भूमिकेत कास्त्रातो गायक. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ३० सप्टेंबरला, व्हिएन्नाच्या वीडेन या उपनगरातील एका साध्या नाट्यगृहात 'डी झाउबरफ्लोटे', अर्थात 'जादूची बासरी', हे झिंगश्पील झाले. संहिता त्याच शिकानेडरची, ज्याच्या मंडळीचा जर्मन 'फिगारो' बंद पडला होता. पक्षी पकडणाऱ्या पापागेनोची भूमिकाही त्याचीच.

या एका नाटकात मोत्सार्टने सारे एकत्र आणले आहे. पापागेनोची गाणी कोणीही घरी जाताना गुणगुणावीत इतकी सोपी आहेत. रात्रीच्या राणीला मोत्सार्टची मेहुणी योझेफा होफर हिच्या तारसप्तकातील गळ्यासाठी इटालियन धाटणीची अवघड पदे आहेत. पुरोहितांच्या प्रवेशांत प्रार्थनेचे गांभीर्य आहे. आणि हे सारे जर्मनमध्ये. १३ ऑक्टोबरला मोत्सार्ट दरबारी संगीतकार सालिएरी आणि काव्हालिएरी यांना गाडीतून या प्रयोगाला घेऊन गेला. सालिएरींनी प्रत्येक पदाला मनापासून दाद दिली, असे त्याने पत्नीला कळविले. (या दोघांच्या वैराच्या व विषप्रयोगाच्या ज्या कथा पुढे पसरल्या, त्यांच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी हे पत्र वाचावे.) त्याच संध्याकाळी त्याने सासूबाईंना आणि सात वर्षांच्या कार्ल या मुलालाही तेथे आणले. गाण्याला पदे पुन्हा म्हणावी लागत. पण आपल्याला सर्वांत सुखावते ती प्रेक्षकांची निःशब्द पसंती, असेही त्याने एका पत्रात लिहिले आहे. ५ डिसेंबरला, पस्तिसाव्या वर्षी, तो वारला.

सम्राटाच्या फर्मानाला जे राजवाड्याच्या दारी साधले नाही, ते उपनगरातील एका नाट्यगृहाने साधले. फर्मानाने भाषेला रंगमंच मिळतो; पण त्या रंगमंचावर भाषा नांदते ती आजी आणि नातू एकाच खेळाला येऊन बसतात तेव्हा. मंडळाच्या पन्नास वर्षांकडे पाहताना मला हेच आठवते.

दा पोन्तेचे पुढे काय झाले? १७९१ मध्येच त्याची दरबारी नोकरी सुटली. लंडनमार्गे १८०५ साली तो अमेरिकेला गेला. तिथे त्याने किराणा दुकान चालविले, इटालियनच्या शिकवण्या केल्या, आणि १८२५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात इटालियनचा प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी मानुएल गार्सिया यांच्या मंडळीने त्या शहरात 'दोन जोव्हान्नी' केला, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या या कवीने आपले शब्द समुद्रापलीकडे पुन्हा ऐकले. १८३३ साली त्याच्या खटपटीने न्यूयॉर्कला इटालियन ऑपेरागृह उभे राहिले. ते दोनच हंगाम टिकले. परंतु त्याने शिकविलेली भाषा त्याच्या विद्यार्थ्यांपाशी राहिली. घरापासून दूर राहणाऱ्याचे संचित बहुधा असेच असते.

जाता जाता एक धागा आपल्याकडेही पोहोचतो. कालिदासाच्या 'शाकुंतला'चा विल्यम जोन्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १७८९ साली कलकत्त्याला छापला गेला, आणि त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनी केलेला जर्मन अनुवाद १७९१ मध्ये, 'जादूच्या बासरी'च्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. १८२० मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ शूबर्ट याने शकुंतलेवर जर्मन ऑपेरा रचावयास घेतला. दोन अंकांचे आराखडे झाले आणि काम अर्धवट राहिले. त्यानंतर साठ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पारशी मंडळीचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून त्यांना ही स्फूर्ती झाली, असे आपल्या नाट्येतिहासात सांगतात. शूबर्टच्या कागदांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण व्हिएन्नात जी शकुंतला गाता गाता थांबली, ती मराठीत गायली, आणि आज आपल्या मंडळाच्या सभागृहातील मागच्या रांगांनाही ती क्षणभर गप्प करते.